ऑफिस सुटल्यावर फोर्टमध्ये कोण राहतं?

सकाळी साडेनऊचं फोर्ट सगळ्यांना माहितीये. सीएसएमटीच्या सबवेतून वर येणारा लोंढा, डी. एन. रोडच्या कमानींखालून एकमेकांना चुकवत चालणारी माणसं, फाउंटनपाशी पुस्तकांचे ढीग लावणारे विक्रेते, काळा कोट हातावर टाकून हायकोर्टाकडे पळणारे ज्युनिअर वकील. आणि गळ्यात आयकार्ड अडकवून इंटर्नशिपला निघालेले तुम्ही-आम्ही.

रात्री अकराचं फोर्ट मात्र फार कमी जणांनी बघितलेलं असतं. शटरं पडलेली असतात. टॅक्सीवाले सीटवर आडवे झालेले असतात. आणि ज्या कमानींखाली दुपारी मोबाइलची कव्हरं विकली जात होती, तिथे पुठ्ठे पसरायला सुरुवात होते. पुठ्ठ्यावर गोधडी, उशाला पिशवी. चपला पिशवीच्या खाली, कारण बाहेर ठेवल्या तर सकाळी मिळत नाहीत. एखाद्या कुटुंबाने दोन खांबांना साडी बांधून आडोसा केलेला असतो. बायका बहुतेक उजेडाखालीच झोपतात, एटीएमच्या बाहेर, पोलिस चौकीच्या जवळ. अंधारात झोप लागेल, पण भीती जास्त. त्यामुळे डोळ्यांवर पदर घेऊन ट्यूबलाइटखाली झोपायचं, आणि तेही पाळीपाळीने.

याबद्दलची तक्रार जुनी आहे, आणि खोटी नाही. दुकानदाराला विचारा. सकाळी शटर उघडण्याआधी त्याला ओटा धुवावा लागतो, तो का धुवावा लागतो हे सांगायला नको. उशिरापर्यंत काम करून एकटी स्टेशनकडे निघालेली मुलगी झोपलेल्या रांगेच्या कडेने चालायला घाबरते. व्हीलचेअरवरचा माणूस किंवा काठी घेऊन चालणारा अंध माणूस फुटपाथवरून जाऊच शकत नाही, तो गाड्यांमधून रस्त्यावरून जातो. कोपऱ्यात व्हाइटनर नाहीतर सोल्युशन हुंगणारी पोरं बसलेली असतात, त्यांची इतरांना भीती वाटते आणि खरं तर त्यांची काळजीही वाटायला हवी. आसपास राहणारी, तिथे धंदा करणारी, तिथे रोज कामाला येणारी माणसं ‘काहीतरी करा’ म्हणतात तेव्हा त्यांना लगेच निर्दयी ठरवण्यात अर्थ नाही. फुटपाथ चालण्यासाठी असतो, हे म्हणणं चुकीचं कसं असेल?

फक्त एक गंमत बघा. फुटपाथवर चढवलेल्या बाइक्स, दुकानाबाहेर दोन फूट आलेली पायरी, मध्येच ठेवलेला जाहिरातीचा बोर्ड यांच्यामुळेही आपल्याला रस्त्यावर उतरावं लागतं. आपण चिडतो, शिव्या घालतो. पण त्यांना ‘घाण’ म्हणत नाही. हा शब्द आपण माणसांसाठी राखून ठेवलाय.

२०२३ च्या मार्च महिन्यात ही तक्रार थेट मुंबई हायकोर्टात गेली. फुटपाथ अडवणाऱ्या बेकायदा विक्रेत्यांच्या विषयावर कोर्टाने स्वतःहून सुनावणी घेतली होती. त्यात बॉम्बे बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने अर्ज केला, की फाउंटन परिसरातल्या फुटपाथवर अनेक लोक राहतात, झोपतात, त्याबद्दल पोलिसांना आणि महापालिकेलाही पत्रं दिली आहेत. म्हणजे तक्रार कोर्टाच्या अंगणातलीच होती. रोज ज्या फुटपाथवरून वकील कोर्टात येतात, त्याच फुटपाथची.

न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठाने त्यावर उलट प्रश्न केला. शहराने गरिबांना काढून टाकावं असं तुमचं म्हणणं आहे का? हे लोक दुसऱ्या गावांहून इथे संधी शोधत आलेत, बेघर माणसांचा प्रश्न जगभर आहे, आणि ते गरीब असले तरी आपल्यासारखीच माणसं आहेत, असं खंडपीठाचं म्हणणं होतं. बार असोसिएशनच्या वकिलांनी मग या लोकांसाठी रात्र निवारे करता येतील असं सुचवलं. हा मार्ग प्रशासनाने विचारात घेण्यासारखा आहे, असं कोर्टाने म्हटलं.

बातमी दोन दिवस चालली. कोर्टाची वाक्यं स्टेटसला लागली, ‘ह्युमॅनिटी’चे हॅशटॅग झाले. पण त्या सुनावणीतला सगळ्यात कामाचा शब्द कुणाच्या स्टेटसला आला नाही. तो शब्द होता, निवारा. त्याच्याकडे येऊच. आधी हे लोक कोण आहेत ते पाहू.

आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं असतं. फुटपाथवर झोपतो म्हणजे भिकारी, नाहीतर गर्दुल्ला. तसे लोक असतातच. मुलांनी घराबाहेर काढलेले म्हातारे असतात, मनाच्या आजाराने घर विसरलेली माणसं असतात. पण रांगेतले बरेच जण काम करून दमलेले असतात. क्रॉफर्ड मार्केट, मस्जिद बंदरात हातगाडी ओढणारे. लग्नाच्या हॉलवर वाढप्याचं काम करणारे, जे सीझनमध्ये कमावतात आणि बाकी महिने उधारीवर काढतात. नाक्यावर उभे राहणारे मजूर. कचऱ्यातून कागद, प्लास्टिक वेचणारे. सिग्नलला गजरे विकणाऱ्या बायका, त्यातल्या कित्येक पारधी समाजाच्या. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, पुढे पारधीही त्या यादीत आले. तो शिक्का कागदावरून पुसला गेला १९५२ साली. पोलिसांच्या नजरेतून तो पुसायला अजून किती वर्षं लागतील, हे गजरेवालीलाच विचारावं.

म्हणजे रात्री फोर्टमध्ये झोपणारी बरीच माणसं दिवसा फोर्टचीच कामं करत असतात. तुमच्या ऑफिसखालच्या टपरीवरचं दुधाचं क्रेट ज्याने उतरवलं, तो कदाचित तिथून शंभर पावलांवर झोपतो. पहाटे चारला माल उतरवायचा असेल तर कुठून येणार? शेवटची लोकल आणि पहिली लोकल यांच्यामधले तीन-चार तास ज्याला कामासाठी हवे असतात, त्याला उपनगरातली भाड्याची खोली परवडली तरी उपयोगाची नाही. आणि परवडत नाहीच.

हे काही नवं संशोधन नाही. १९८१ च्या १३ जुलैला तेव्हाचे मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी जाहीर केलं होतं, की मुंबईतल्या सगळ्या फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या त्यांच्या गावी किंवा शहराबाहेर पाठवलं जाईल. ऐन पावसात झोपड्या तुटायला लागल्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो, लॉ करणाऱ्यांना तो पाठच असतो. पण त्या निकालपत्रात एक माणूस आहे, त्याच्याकडे पाठांतर करणाऱ्यांचं लक्ष जात नाही. तो अर्जदारांपैकी एक होता. संगमनेरचा. चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये कमवायचा. गावातलं घर पडलं, तेव्हा १९६९ मध्ये मुंबईला आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवण्यासाठी त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले. वर बांबू आणि प्लास्टिकला ७०० रुपये गेले.

हिशेब करा. फुटपाथवर ‘फुकट’ राहायला त्याला एक हजार रुपये लागले, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार. मुंबईत डिपॉझिट भरून खोली घेणाऱ्या कुठल्याही मुलाला हे गणित ओळखीचं वाटेल.

१९८५ च्या जुलैमध्ये निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. हे लोक हौसेने फुटपाथवर राहत नाहीत, काम जवळ आहे म्हणून राहतात, आणि जागा काढून घेतली की कामही जातं, हे कोर्टाने मान्य केलं. जगभरचे वकील या निकालाचा दाखला देतात. मात्र त्याच निकालाने असंही म्हटलं, की फुटपाथवर घर करण्याचा हक्क कुणालाही नाही आणि महापालिका रीतसर नोटीस देऊन हटवू शकते. फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा. म्हणजे तत्त्व मिळालं, छप्पर मिळालं नाही.

त्याच सुमाराला भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी दुसरा रस्ता धरला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेच्या मदतीने त्यांनी महिला मिलन हे बचतगटांचं जाळं उभारलं आणि फुटपाथवासीयांची मोजणी केली. सरकारी यादीत आपण नाही, तर आपली यादी आपणच करू, असा तो साधा विचार होता. अहवालाचं नावच होतं ‘वुई, द इन्व्हिजिबल’. त्यातूनही हेच दिसलं, की ही माणसं कामाच्या ठिकाणी चालत जातात. त्या बायकांपैकी काहींना पुढे मानखुर्दला पक्की घरं मिळाली. ती कोर्टाच्या निकालाने आपोआप मिळाली नाहीत. वर्षानुवर्षं पैसा पैसा साठवून, ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून मिळाली.

आता निवाऱ्याकडे. शहरी बेघरांसाठी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात नियम ठरवून दिले होते. दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी एक कायमचा निवारा. प्रत्येकाला ५० चौरस फूट जागा. निवारा वर्षभर, चोवीस तास चालू. आणि तो शक्यतो बेघर लोक जिथे जास्त आहेत, जिथे त्यांचं काम आहे, त्याच्या जवळ.

कागदावर छान आहे. आता २०११ ची जनगणना घ्या. २०२१ ची झालीच नाही, त्यामुळे आपले सगळे हिशेब अजून तिथेच अडकलेत. मुंबईची लोकसंख्या तेव्हा सव्वा कोटीच्या आसपास. म्हणजे नियमाने सुमारे सव्वाशे निवारे हवेत. प्रत्यक्षात शहर त्या आकड्याच्या जवळपासही नाही. पण समजा, उद्या जादू झाली आणि सव्वाशे उभे राहिले. प्रत्येकी १०० म्हटले तर साडेबारा हजार माणसांची सोय. आणि त्याच जनगणनेत मुंबईतले बेघर किती होते? सुमारे ५७ हजार. नियम शंभर टक्के पाळला तरी पाचातल्या जेमतेम एकाला जागा. बाकीचे चौघं परत कमानीखाली.

आणि ५७ हजार हा आकडाही कमीच असणार. बेघरांची मोजणी एका रात्रीत होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. उघड्यावर, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, स्टेशनवर, देवळाच्या आवारात झोपलेल्यांना त्या रात्री गाठायचं. त्या रात्री जो लग्नाच्या हॉलवर भांडी घासत होता, मार्केटमध्ये गोणी उतरवत होता, किंवा वर्दी दिसली म्हणून उठून गल्लीत सरकला, तो कुठल्या रकान्यात गेला?

निवारे असूनही लोक का जात नाहीत, असं विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याचा सूर बहुतेकदा ‘बघा, यांनाच नको असतं’ असा असतो. जरा स्वतःला तिथे ठेवून बघा. नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात, बायको आणि मुलगी बायकांच्या निवाऱ्यात, बारा वर्षांचा मुलगा तिसरीकडेच. असं कुटुंब तोडून कोण झोपेल? सामान ठेवायला जागा नाही, तर गजऱ्याची टोपली, भंगाराचं पोतं, हातगाडी रात्रभर कुणाच्या भरवशावर सोडायची? आणि निवारा कामापासून बारा-पंधरा किलोमीटरवर असेल, तर तो निवारा नाही. ती हद्दपारी आहे, फक्त वर पत्रा आहे.

फोर्टबद्दल बोलताना म्हणूनच ‘यांची कुठेतरी सोय करा’ या वाक्यातला ‘कुठेतरी’ हा शब्द मला खटकतो. कुठेतरी म्हणजे आम्हाला दिसणार नाही तिथे. पण माणूस कामामागे येतो. इथून उठवलं तर तो मेट्रो सिनेमाच्या बाजूला जाईल, तिथून उठवलं तर मस्जिदला, आणि आठ दिवसांनी पुन्हा इथेच. महापालिकेची गाडी येते, गोधड्या, भांडी, प्लास्टिक उचलून नेते. त्याच पिशवीत कधी रेशन कार्डाची झेरॉक्स असते, कधी टीबीच्या गोळ्या. गाडी गेल्यावर माणूस तिथेच असतो. फक्त आता त्याच्याकडे पांघरूण नसतं.

नियमाप्रमाणे १०० जणांच्या निवाऱ्याला पाच हजार चौरस फूट झोपायची जागा लागते. ज्या भागातली कितीतरी ऑफिसं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लोअर परळ आणि बीकेसीला हलली, त्या भागात तेवढा एक जुना मजला सापडत नसेल का? हायकोर्टाची नवी इमारतसुद्धा आता वांद्र्याला होणार आहे. वकिलांचं फोर्टमधलं येणं-जाणं कमी होईल. हातगाडीवाल्याचं होणार नाही.

निवारा व्हायचा तेव्हा होईल. तोपर्यंतचे साधे प्रश्नही कुणी हातात घेत नाही. उदाहरणार्थ संडास. दुकानदाराचा ओटा सकाळी धुवावा लागतो, याचं कारण माणसांची सवय नाही. पैसे देऊन वापरायची सार्वजनिक शौचालयं रात्री बंद होतात आणि दिवसा प्रत्येक फेरीला नाणं मोजावं लागतं, आंघोळीला त्याहून जास्त. पाच जणांच्या कुटुंबाने महिन्याचा हिशेब मांडला, तर घर नसलेल्या माणसाचं ते पाणी-बिलच होतं. बायका अंधार असताना पहाटे उठून उरकतात आणि दिवसभर पाणी कमी पितात. रात्रभर उघडं, उजेड असलेलं, फुकट शौचालय ही मागणी फुटपाथवर झोपणारीची आहे तशीच ओटा धुणाऱ्या दुकानदाराचीही असायला हवी. एका अर्जावर दोघांच्या सह्या होतील असा विषय आहे हा. अजून तसा अर्ज मात्र ऐकिवात नाही.

दुसरीकडे कायदा बघा. मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा. त्यानुसार पोलिस वॉरंटशिवाय उचलू शकतात, आणि दोषी ठरला तर पहिल्यांदाच एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. त्यानंतरच्या वेळी दहा वर्षांपर्यंत. कायद्यातली भीक मागण्याची व्याख्या तर अशी ऐसपैस, की हात पसरलाच पाहिजे असंही नाही. पोटापाण्याचं काही साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतोय की भिकेवर जगत असावा असं वाटतं, एवढंही पुरतं. बेरोजगार ग्रॅज्युएट टापटीप कपड्यांत मरीन ड्राइव्हवर बसला तर तो ‘चिल’ करतोय. तेच कपडे मळके असते तर? दिल्लीसाठी लागू असलेल्या याच कायद्याची मुख्य कलमं दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. कोविडच्या काळात रस्त्यावर भीक मागायला बंदी घाला अशी मागणी सुप्रीम कोर्टात झाली, तेव्हा २०२१ मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अशी उच्चभ्रू भूमिका घ्यायला नकार दिला. हे ओल्गा टेलिस निकाल देणाऱ्या यशवंतरावांचे चिरंजीव. बाप-लेकांच्या कोर्टांमध्ये छत्तीस वर्षांचं अंतर, आणि समोरचा माणूस तोच, फुटपाथवरचा.

महाराष्ट्रात तो १९५९ चा कायदा अजून आहे.

तुमच्यापैकी जे एनएसएसमध्ये आहेत, लॉ करतात, सोशल वर्क करतात, त्यांच्यासाठी एक माहिती. घर नसलेल्या माणसाचंही मतदार यादीत नाव लागतं. नमुना ६ चा अर्ज भरायचा. पत्त्याचा पुरावा लागत नाही. माणूस जिथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची, मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, रात्री तिथे येऊन बघतो की हा खरंच इथे झोपतो का. एकापेक्षा जास्त रात्री येऊन बघतो. तशी निवडणूक आयोगाची सूचनाच आहे. म्हणजे एका सरकारी खात्याचा माणूस रात्री येऊन ‘हा इथे राहतो’ असं लिहून घेऊ शकतो, आणि दुसऱ्या खात्याची गाडी सकाळी त्याची गोधडी घेऊन जाते.

फोर्टच्या फुटपाथवरच जन्मलेली, तिथेच अठरा वर्षांची झालेली मुलं-मुली आहेत. सिद्धार्थ कॉलेज, एल्फिन्स्टन, गव्हर्नमेंट लॉ, सगळी त्यांच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. अर्ज भरून द्यायला कुणी बसलं, तर पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांना नीट ठाऊक असतं. रस्त्याचं नाव, इमारतीचं नाव, कितवी कमान.